वसुलीचे वेठबिगार

गेल्या आठवड्यात सायंकाळी सातच्या सुमारास खानापूर तालुक्यातील एक पदवीधर तरुण आमच्या कचेरीत आला. वेळ त्याने हिशेबाने निवडली होती. थकबाकीदारास सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा १२ ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. सबब सात वाजता त्याच्या कंपनीचे काम कागदोपत्री थांबते आणि साडेआठला शाखाधिकाऱ्यापुढे दिवसाचा जाब देण्यासाठी त्याला पुन्हा उभे राहावे लागते. मधला दीड तास त्याचा स्वतःचा. तो त्याने आम्हांला दिला.

खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्याने खिशातून पगाराची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सतरा हजारांच्या पगारातून ‘इतर वजावट’ या नावाखाली ४,३०० रुपये वळते करून घेतलेले होते. ही वजावट कसली, असे आम्ही विचारले. त्याच्या यादीतील दोन गिऱ्हाइकांचे हप्ते आले नव्हते. एक जण घराला कुलूप लावून गोव्यात मजुरीला गेला. दुसऱ्याने फ्रिज घेतला खरा, पण त्याची बायको तीन आठवडे इस्पितळात आहे. “साहेब, हप्ता त्यांचा चुकतो, पगार माझा कापतात,” एवढे बोलून तो गप्प बसला.

आमच्या वाचकांना हा तरुण ठाऊक आहे, पण तो दाराच्या दुसऱ्या बाजूने. मोबाइल, दूरदर्शन संच, मोटारसायकल, मुलीचे लग्न, दवाखाना अशा नाना कारणांसाठी कर्ज देणाऱ्या खाजगी वित्त कंपन्यांचे जाळे आज खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले आहे. त्यांच्या वसुलीवाल्यांनी केलेल्या अपमानाच्या कहाण्या ज्या गल्लीत ऐकू येत नाहीत अशी गल्ली दाखविणे कठीण आहे. आम्हीही या वसुलीवाल्यांवर वेळोवेळी कोरडे ओढले आहेत. त्यातला एक शब्दही आम्ही परत घेत नाही. परंतु दारात उभा राहून आवाज चढविणारा हा इसम कोण, त्याला कोणी पाठविले आणि रिकाम्या हाताने परतल्यास त्याचे काय होते, हे प्रश्न आम्ही तेव्हा विचारले नाहीत. ती चूक आज दुरुस्त करीत आहोत.

या तरुणाची या धंद्यात चार वर्षे गेली. पहिले वर्ष त्याने शहरातील विजेच्या उपकरणांच्या एका दुकानात काढले. दुकान दुसऱ्याचे, पगार कंपनीचा. आलेल्या गिऱ्हाइकाला ‘शून्य टक्के व्याज’ असे सांगायचे आणि दहा मिनिटांत कर्ज मंजूर करून द्यायचे. शून्य टक्के व्याज ही चीजच अस्तित्वात नसते, ते व्याज शुल्काच्या किंवा बुडालेल्या सवलतीच्या रूपाने गिऱ्हाइकाकडूनच घेतले जाते, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजी बँकांना स्पष्ट शब्दांत बजावले होते. दुकानातल्या फलकांवरून ते शून्य अद्याप पुसले गेलेले नाही. दिवसाला अमुक कर्जे झाली पाहिजेत आणि त्यांतल्या अमुक कर्जांबरोबर विमाही गळ्यात मारला पाहिजे, असा त्याला हुकूम होता. परवडेल का, असे गिऱ्हाइकाला विचारण्याची तरतूद त्या दहा मिनिटांत नव्हती.

पुढे तो पुण्यास एका कॉल सेंटरमध्ये गेला. तेथील चौदा महिन्यांविषयी तो अधिक बोलला. कानाला यंत्र लावून बसायचे. फोन लावण्याचे कष्टही नाहीत, यंत्रच एकामागून एक क्रमांक फिरविते आणि माणसाचा आवाज थेट कानात येऊन आदळतो. समोरच्या पडद्यावर नाव, थकलेली रक्कम आणि किती दिवस झाले तो आकडा. दिवसांप्रमाणे कर्जदारांची वर्गवारी केलेली असते. तीस दिवसांपर्यंतची एक ‘बकेट’, साठपर्यंतची दुसरी, नव्वदपर्यंतची तिसरी. बकेट म्हणजे बादली. माणसांना बादल्यांत भरण्याची ही कल्पना कोणाच्या मस्तकातून निघाली कोण जाणे! नव्वद दिवस उलटले की ते कर्ज बुडीताच्या खात्यात धरावे लागते, कंपनीला त्यापोटी नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते आणि ताळेबंद डागाळतो. म्हणून तिसऱ्या बादलीतल्या माणसाला शेवटच्या आठवड्यात जे ऐकावे लागते ते पहिल्या बादलीतल्याला ऐकावे लागत नाही. कर्जदार समजतो की फोनवरचा इसमच पाषाणहृदयी आहे. वास्तविक त्या इसमाच्या मागे उभा असलेला अधिकारी त्याच्या पडद्यावरचा नव्वदावा दिवस पाहत असतो.

प्रत्येक फोन संपला की काय घडले ते यंत्राला सांगावे लागते. त्यासाठी ठरावीक शब्दांची यादी असते. पैसे देण्याचे वचन दिले, नकार दिला, फोन उचलला नाही, क्रमांक चुकीचा, मयत. याखेरीज काही घडूच शकत नाही, अशी कंपनीची समजूत असावी. मालकाने दोन महिन्यांची मजुरी दिलेली नाही, असे सांगणाऱ्या बाईचा फोन कशात नोंदवायचा? हा तरुण तो ‘वचन’ या सदरात नोंदवी, कारण वचनांची संख्या कमी पडली तर त्याचा भत्ता बुडे. मग वचन दिलेल्या तारखेला यंत्र त्या बाईला वचनभंगी म्हणून पुन्हा त्याच्यापुढे आणून उभे करी. न दिलेले वचन मोडल्याबद्दल तो तिला जाब विचारी. असा हा कारखाना आहे.

येथे एक गोष्ट आमच्या सीमाभागातील वाचकांना विशेष बोचेल. कर्जाचे कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. प्रत्यक्षात मोबाइलच्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांची वीस पाने झरझर सरकतात आणि खाली अंगठा टेकला की करार पुरा होतो. वसुलीच्या वेळी मात्र भाषेचा प्रश्न चुटकीसरशी सुटतो. बेळगाव, निपाणी, खानापूर या बाजूच्या कर्जदारांची यादी निघाली की ती मुद्दाम आमच्या बाजूच्या मुलाकडे दिली जाते. कोणता शब्द कोठे लागतो, कोणत्या नात्याचा उल्लेख केला की माणूस खचतो, शेजाऱ्याला कळेल म्हटले की बाई कशी रडकुंडीस येते, हे पुण्या-मुंबईच्या मुलाला जमत नाही, ते याला जमते. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून ज्या लोकांच्या पिढ्या झिजल्या, त्यांना अपमान तेवढा न मागता स्वभाषेत मिळू लागला आहे.

आणि हा तरुण त्या कामात तरबेज होता. तसे त्यानेच सांगितले. एका महिन्यात सर्वांत अधिक वसुली केल्याबद्दल त्याला मिक्सर बक्षीस मिळाला, तो अजून त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात आहे. हे सांगताना त्याने मान खाली घातली नाही, हेही आम्ही नमूद करतो. त्याला निरपराध ठरविण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही.

अशा केंद्रांत बसणारे बहुतेक नुकतेच महाविद्यालयातून बाहेर पडलेले असतात. २०२० च्या डिसेंबरात तत्काळ कर्ज देणाऱ्या मोबाइल अॅपच्या छळाने तेलंगणात काही कर्जदारांनी जीव दिल्यावर पोलिसांनी हैदराबाद आणि गुरुग्राम येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. पुढे रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाला २०२१ च्या आरंभीच्या दोन महिन्यांत सुमारे ११०० कर्ज-अॅप बाजारात आढळली, त्यांपैकी ६०० बेकायदेशीर होती. या बेकायदेशीर अॅपना फोन करण्यासाठी माणसे लागली, ती कोठून आली? परप्रांतातले गुंड त्यांनी आयात केले नव्हते. ‘पदवीधर पाहिजेत, अनुभवाची आवश्यकता नाही’ ही जाहिरात वाचून मुलाखतीस गेलेली ती मुले होती. आपली कंपनी कायदेशीर की बेकायदेशीर, हे त्यांपैकी कित्येकांना पोलीस आल्यावर कळले असेल.

पुण्याहून तो परतला, कारण वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आता तो दारोदार फिरतो. महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून हप्ता आपोआप वळता व्हायचा असतो. खात्यात पैसे नसतील तर तो परत फिरतो, त्याबद्दल बँक एक दंड आकारते, कंपनी दुसरा. मग त्या नावांची यादी सकाळी त्याच्या फोनवर उतरते. दिवसाला पंचवीस दारे, प्रत्येक दारासमोर फोटो, आणि फोटोवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश. दर दोन तासांनी शाखेच्या व्हॉट्सअॅप गटावर वसुलीचा आकडा टाकायचा. ज्याचा आकडा शून्य त्याचे नाव तांबड्या अक्षरांत सर्वांसमोर झळकते. ते संदेश आम्ही स्वतः वाचले. शाखाधिकाऱ्याने वापरलेले शब्द येथे छापता येण्याजोगे नाहीत. एवढेच सांगतो की दारातल्या कर्जदाराला जी भाषा ऐकावी लागते, तीच त्याआधी दोन तास या मुलाने ऐकलेली असते. शाखाधिकाऱ्याने ती विभागीय अधिकाऱ्याकडून ऐकलेली असते. २०२४ च्या सप्टेंबरात झाशी येथे एका वित्त कंपनीच्या क्षेत्र-व्यवस्थापकाने आत्महत्या केली. वसुलीचा दबाव, कित्येक आठवडे न लागलेली झोप आणि न आलेले हप्ते स्वतःच्या खिशातून भरण्याची आलेली पाळी यांचा उल्लेख त्याच्या पत्रात असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तो तर अधिकारी होता!

महिला बचतगटांच्या नावाने चालणाऱ्या सूक्ष्म कर्जाच्या धंद्यात हा पेच आणखी घट्ट होतो. २०२२ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने या कर्जांवरील व्याजदराची मर्यादा काढून टाकली आणि तिच्या जागी उत्पन्नाची कसोटी लावली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असावे आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. कसोटी चांगली आहे. परंतु शेतमजूर बाईच्या उत्पन्नाचा दाखला कोठून यावा? तो आकडा दारात बसून तेथला क्षेत्र-कर्मचारी लिहितो, आणि कर्ज मंजूर झाले तरच त्याचे महिन्याचे लक्ष्य पुरे होते. जो हात हा आकडा फुगवून लिहितो तोच हात सहा महिन्यांनी हप्त्यासाठी पुढे करावा लागतो. २०२४ साली या संस्थांच्या संघटनेने एका बाईमागे चारांहून अधिक, आणि पुढे तीनांहून अधिक संस्था नसाव्यात, असे बंधन आपणहून घालून घेतले, यावरूनच पूर्वी काय चालले होते याची कल्पना यावी.

कर्नाटक सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत सूक्ष्म कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. त्यात दहा वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. बेळगाव जिल्ह्यातूनही तक्रारी गेल्या होत्या. जनतेच्या संतापाची दखल घेतली गेली, याचे आम्हांला समाधानच वाटले. पण दंडाची ही काठी उगारली गेली म्हणजे ती प्रथम कोणाच्या पाठीवर पडेल? दारात जो सापडेल त्याच्या. आकडा ठरविणारा गृहस्थ मुंबईत, बंगळुरूत किंवा गुरुग्राममध्ये काचेच्या इमारतीत असतो. तो कोणाच्या दारात जात नाही, कोणाला शिवी देत नाही, त्याचा आवाजदेखील मृदू असतो.

हे रोगाचे मूळ कोणाला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनेच लिहून ठेवले आहे की काही बँका वसुलीची अतिशय कठोर लक्ष्ये ठरवितात किंवा भरमसाट प्रलोभने देतात आणि त्यामुळेच वसुलीवाले दमदाटीकडे वळतात. सूक्ष्म कर्ज कंपन्यांच्या आचारसंहितेतही पुढे लिहिले गेले की कर्मचाऱ्यांचा मोबदला नुसत्या वाटलेल्या कर्जांच्या संख्येवर आणि वसुलीच्या टक्केवारीवर न बेतता सेवेवर आणि कर्जदाराच्या समाधानावर बेतावा. निदान झाले, औषधही लिहून दिले. औषध रोग्याच्या पोटात गेले की नाही, हे मात्र कोणी पाहिले नाही. २०२२ च्या सप्टेंबरात हजारीबाग येथे ओढून नेल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरखाली एक गरोदर स्त्री चिरडली गेली, तेव्हा संबंधित कंपनीस बाहेरच्या माणसांकरवी वसुली करण्यास बंदी झाली. आणि काही महिन्यांनी ती उठलीही. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी चार कंपन्यांना अवाजवी व्याजाबद्दल नवी कर्जे देण्यापासून रोखण्यात आले. व्याजाचा दर तपासला जातो. मग वसुली करणाऱ्याचा मोबदला कशावर ठरतो, हे का तपासले जाऊ नये?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि सावकारांची खतपत्रे जाळली गेली. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या दंगलीचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्या शेतकऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती, आपला धनको कोण आणि त्याच्या वह्या कोणत्या माडीवर आहेत. आजच्या धनकोला चेहरा नाही आणि त्याच्या वह्या गावातल्या कोणत्याही माडीवर नाहीत. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) मधला शेतकरी जमीन गमावून शहरात गिरणीत राबायला गेला. आज शेतकऱ्याचा मुलगा पदवी घेऊन त्याच पाशाचे एक टोक हातात धरून गावी परत येतो, आणि दुसरे टोक त्याच्या स्वतःच्या गळ्यात असते. हा तरुण ज्या मोटारसायकलवरून वसुलीला हिंडतो ती हप्त्यांवर घेतलेली आहे, कंपनी निराळी, तारीख तीच पाच.

कंपन्यांचे कैवारी म्हणतील की घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे. आम्ही कोठे नाही म्हणतो? सरकारी बँकेच्या पायऱ्या झिजवूनही ज्याला पाच हजार मिळाले नाहीत त्याला यांनी दारात येऊन पैसे दिले, हेही खरे आहे, आणि ते त्या बँकांना लाजिरवाणे आहे. पण फेडीचा भार कर्जदारावर असतो, बुडण्याची जोखीम धनकोने पत्करलेली असते. शेकडा चोवीस-सव्वीस व्याज तो त्या जोखमीपोटीच लावतो, असे त्याचे म्हणणे असते. मग तीच जोखीम सतरा हजारांच्या नोकराच्या पगारातून भरून काढणे याला कोणता व्यापार म्हणावयाचा? जोखमीचे व्याजही घ्यावयाचे आणि जोखीमही दुसऱ्यावर लोटावयाची, हा व्यापार नव्हे, ही निव्वळ लूट आहे.

आणि ती बेकायदेशीर आहे. वेतनातून काय कापता येते याची यादी १९३६ च्या वेतन अधिनियमापासून कायद्याने बांधून दिलेली आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही ती आहे. नोकराच्या ताब्यातला पैसा त्याच्याच हलगर्जीने किंवा दोषाने गहाळ झाला तर कपात करता येते, तीही त्याला आपली बाजू मांडण्याची संधी देऊन. गिऱ्हाइकाने न दिलेला पैसा नोकराच्या ताब्यात आलेलाच नसतो. तो त्याने गमावला कसा? कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनी या कंपन्यांच्या शाखांत एकदा जाऊन ‘इतर वजावट’ या सदराचा अर्थ विचारावा. तसेच वसुलीच्या जुलमाची तक्रार येईल तेव्हा पोलिसांनी दारात गेलेल्या मुलाबरोबर त्या दिवशीचे त्याच्या गटावरचे संदेशही ताब्यात घ्यावेत, म्हणजे गुन्ह्याची आज्ञा कोठून सुटली ते तारीख-वेळेसह सापडेल.

एके काळी बँकांचे कारकूनही असेच विखुरलेले आणि मुके होते. १९४६ साली त्यांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, १९५३ चा शास्त्री निवाडा आणि १९६२ चा देसाई निवाडा यांतून त्यांच्या वेतनाला आणि कामाच्या तासांना आकार आला. वित्त कंपन्यांतल्या मुलांची अडचण अशी की ती सहा-आठ महिन्यांत कंटाळून कंपनी बदलतात, एका शाखेत एका वर्षानंतर पाहिलेले चेहरे दिसत नाहीत, आणि संघटनेचे नाव काढले की जिल्ह्याबाहेर बदली होते. हे कठीण आहे, अशक्य नव्हे. आमच्याकडे आलेल्या तरुणाच्या शाखेत अकरा जण आहेत, आणि ‘इतर वजावट’ त्यांपैकी नऊ जणांच्या चिठ्ठीवर आहे.

सव्वाआठ झाले तेव्हा तो उठला. आपले आणि कंपनीचे नाव छापू नये, असे त्याने दोनदा बजावले, आणि आम्ही तसे वचन दिले आहे. ज्या कोणा तरुणाच्या पगारातून अशी वजावट झाली असेल त्याने पगाराची चिठ्ठी, बँक-खात्याचा उतारा आणि गटावरचे संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि त्यांच्या प्रती आमच्याकडे आणून द्याव्यात. चिठ्ठ्या पंचवीस झाल्या की त्या घेऊन आम्ही स्वतः कामगार अधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. कचेरी रात्री दहापर्यंत उघडी असते.